तेल कोणतं?

गोडेतेल हा शब्द ज्याने काढला, त्याने ते चमच्याने कधी पिऊन पाहिलं नसावं. पण घरोघर तो शब्द चालला आणि त्याचा अर्थ शेंगदाण्याचं तेल असाच होऊन बसला. वास्तविक भुईमूग हा दक्षिण अमेरिकेतून आलेला पाहुणा. सोलापुरात येऊन शेंगाचटणीत शिरला आणि घरचाच झाला, हे त्याचं नशीब!

इथली जुनी मालकीण करडई. इतकी जुनी की इजिप्तच्या थडग्यांत ममींबरोबर तिच्या फुलांच्या माळा सापडल्या. आमच्याकडे ती ज्वारीच्या कडेने पेरीत. काटे असे की गुरं तोंड लावायची नाहीत; म्हणजे कुंपण तीच आणि फोडणीही तीच. काळ्या जमिनीतली खोल ओल शोधत ती उभी राहते. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि १९८२ मध्ये इथूनच 'भीमा' हे करडईचं वाण निघालं.

मध्ये १९३७ साली डालडा अवतरला. त्याने पंगती जिंकल्या आणि डबा रिकामा झाल्यावर त्यात तुळसही लागली. साजूक तुपाला हे कधी जमलं नाही.

परदेशातून आलेल्या आमच्या भाच्याला तापल्या तव्यावर मांसाचा जाड तुकडा खरपूस भाजायची हौस. त्याने विचारलं, "मामा, तेल कोणतं?" आता गंमत पाहा. घाण्याचं करडईतेल शंभर अंशांच्या थोडं पुढे गेलं की धुरावतं. तेच रिफाइन केलं की अडीचशेच्या पलीकडेही शांत, शेंगदाण्याच्याही वरचढ! घाण्याच्या तेलात सुटी आम्लं आणि बारीक गाळ असतो, तो आधी जळतो. पण स्वाद त्याच्याबरोबरच जातो. आमच्या आजीने हा पेच थर्मामीटरशिवाय सोडवला होता. मटण आधी त्याच्याच अंगच्या पाण्यात शिजवायचं, मग बेताच्या आचेवर परतायचं. आणि घाण्याचं कच्चं तेल भाकरीवरच्या चटणीत. भाच्याला मी रिफाइन केलेलं दिलं.

घाण्याचं मागायला गेलं तर हल्ली दुकानदार आपल्याकडेच निरखून पाहतो. करडईचं क्षेत्र गेल्या काही दशकांत फार घटलं. हरभरा, सोयाबीन पुढे गेले. त्यात काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. म्हणून फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्यांचं वाण काढलं. मजुरांची सोय झाली. गुरांचीही झाली.