जातीच्या रकान्यातला ‘मुसलमान’

अकरावीच्या समाजशास्त्रात जात हा विषय निघाला की आमच्या वर्गात एक वाक्य दरवर्षी ऐकू येते. ‘‘सर, हमारे में जात नहीं होती.’’ म्हणणारा मुलगा दरवर्षी वेगळा, खात्री मात्र तीच. वर्ग उर्दू माध्यमाचा, मुले-मुली सगळी मुसलमान आणि जातीची उदाहरणे बहुतेक हिंदू समाजातली. त्यामुळे त्यांना वाटते की हा धडा शेजाऱ्यांविषयी आहे. पाठ करायचा, पेपरात लिहायचा आणि विसरायचा.

मी मूळचा भाषांचा शिक्षक. उर्दू आणि मराठी घेऊन बी.एड. केले. समाजशास्त्र (उर्दूत समाजियात) आणि राज्यशास्त्र (सियासियात) हे तास माझ्याकडे आधी बदली म्हणून आले आणि मग माझ्याकडेच राहिले. जागा रिकामी असली की असेच होते. भाषेच्या माणसाला यात एक सोय असते. शब्द कुठून आला, कुणी कशासाठी वापरला, हे बघायची त्याला सवय असते. म्हणून आज एकाच शब्दाचा माग काढतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात जो ‘मुसलमान’ हा शब्द असतो, त्याचा.

‘हमारे में जात नहीं होती’ याला मी लगेच उत्तर देत नाही. हजेरीपट उघडून नुसती आडनावे वाचतो. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार, कुरेशी, काझी, सय्यद, पठाण. मग एकेकाचा अर्थ विचारतो. बागवान फळे-भाजी विकणारे, तांबोळी पानवाले, मणियार बांगड्यांचे, पिंजारी कापूस पिंजणारे, मोमीन विणकर, शिकलगार हत्यारांना धार लावणारे. मुलांना हे सगळे माहीत असते. त्यानंतर एकच प्रश्न : घरात लग्न ठरते तेव्हा स्थळ कुठले बघतात? सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘‘बिरादरी में.’’

भाषेची गंमत इथेच आहे. ‘जात’ विचारली की उत्तर येते मुस्लिम. ‘बिरादरी’ विचारली की येते बागवान. मुले खोटे बोलत नाहीत. त्यांच्या घरात हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन वेगळ्या कपाटांत ठेवलेले आहेत.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पॅट्रिक गेडेस त्याचे पहिले प्रमुख, आणि त्यांच्यानंतर १९२४ पासून आपल्या मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात जातिव्यवस्थेची सहा लक्षणे सांगितली : समाजाचे खंडांत विभाजन, उच्चनीच क्रम, खाण्यापिण्याची व संबंधांची बंधने, नागरी-धार्मिक हक्कांतला भेद, व्यवसायाची बंधने आणि लग्नाची बंधने. ही सहा लक्षणे मी फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो, प्रत्येकासमोर बिरादरीला गुण द्या. हा तास माझ्या आवडीचा. मशिदीत सफ लावताना कुणी बिरादरी विचारत नाही, तिथे शून्य. दस्तरखानावर जवळपास शून्य, जवळपास एवढ्यासाठी की एखादी मुलगी हळूच काही सांगते आणि वर्ग गप्प होतो. व्यवसायावरून वाद होतो, कारण बागवानाचा मुलगा आता मोबाइल दुरुस्त करतो. उच्चनीच क्रमावर सय्यद आडनावाचा मुलगा खाली बघतो. लग्नाला मात्र पैकीच्या पैकी.

मग मी बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध पुढे ठेवतो. कोलंबिया विद्यापीठात तो वाचला तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यांचे म्हणणे असे, की जातीचे खरे मूळ लक्षण एकच, गटाच्या आतच लग्न. बाकीची लक्षणे तिथून निघतात. घुर्यांच्या फूटपट्टीने बिरादरी अर्धवट जात ठरते, बाबासाहेबांच्या फूटपट्टीने बऱ्यापैकी पूर्ण. कुठली फूटपट्टी बरोबर, हे मी सांगत नाही. बारावीच्या मुलाला दोन फूटपट्ट्या असतात हे कळले तरी पुष्कळ झाले.

यावर हरकत ठरलेली असते. ‘‘सर, इस्लाम में तो सब बराबर हैं.’’ सूरह हुजुरातचा दाखला येतो, हज्जतुल विदाच्या खुतब्याचा येतो. तो बरोबरच आहे. मी एवढेच म्हणतो, की समानतेचा तो हुकूम आणि आपल्या गल्लीतली सोयरीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजशास्त्र दुसरीचा अभ्यास करते. आपल्या फिकहमध्ये लग्नाच्या प्रकरणात ‘कुफू’ची चर्चा आहे, त्यात नसब आणि पेशाही आलेला आहे, हे मदरशात शिकलेल्या मुलांना माहीत असते. बाकीच्यांना ते त्यांच्याकडूनच कळलेले बरे.

इथपर्यंत समाजशास्त्र. आता प्रश्न असा, की घराघरांत बिरादरी इतकी जिवंत होती, तर सरकारी कागदावर नुसते ‘मुसलमान’ कसे आले? याचे उत्तर राज्यशास्त्रात आहे. शाळेत हे दोन विषय वेगळ्या तासांना आणि वेगळ्या वह्यांत शिकवले जातात, म्हणून त्यांची गाठ पडत नाही.

इंग्रजांच्या जनगणनेला मुसलमानांतल्या बिरादऱ्या चांगल्याच माहीत होत्या. १९०१ च्या बंगालच्या जनगणना अहवालात अश्रफ, अजलाफ आणि अरजल हे तिन्ही थर नोंदलेले आहेत. पुढे पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी तोच अहवाल उद्धृत केला. १९३१ पर्यंत जनगणनेत जाती मोजल्या जात होत्या, मुसलमानांच्याही. पण त्याच काळात दुसरे एक दप्तर तयार होत होते, मतदारयादीचे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१६ च्या लखनौ करारात काँग्रेसने ते मान्य केले. लोकमान्य टिळक त्या कराराच्या बाजूने उभे होते, हे सांगितले की आमच्या मुलांना नवल वाटते. करारात मुंबई प्रांतात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश जागा मुसलमानांना ठरल्या. एवढ्या का, असे मुले विचारतात. त्या वेळी सिंध मुंबई प्रांतात होता, हे नकाशावर दाखवावे लागते.

जनगणनेत पिंजारी होता, मोमीन होता. या मतदारसंघांत मात्र फक्त ‘मोहम्मदन’. राजकारणात ज्या नावाने जागा मिळते ते नाव माणसे लावतात. त्यात अब्रूचाही भाग होता. ‘पिंजारी’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘मुसलमान’ म्हणवून घेण्यात मान होता, कित्येकांनी ‘शेख’ लावले. गावच्या शाळेत नाव घालायला आलेल्या बापाला मास्तरांनी जात विचारली असेल आणि त्याने ताठ मानेने ‘मुसलमान’ सांगितले असेल, असे मला वाटते. त्यात त्याचे काही चुकले नाही.

बारावीत फाळणीपर्यंत आलो की दुसरे एक वाक्य येते, आणि ते मुलांनी बाहेरून ऐकलेले असते : १९४६ मध्ये मुसलमानांनीच लीगला मते दिली. मुस्लिम जागांपैकी बहुतेक लीगने जिंकल्या, हे खरे आहे. ते झाकायचे नाही. पण त्या निवडणुकीत प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण असल्या अटी होत्या. हातमागावर बसणारा, हातगाडी ओढणारा बहुसंख्य माणूस यादीतच नव्हता. आणि यादीबाहेरच्या माणसांत नुसती शांतता होती असेही नाही. बिहारमध्ये अब्दुल कय्यूम अन्सारींच्या पुढाकाराने मोमीन कॉन्फरन्स, म्हणजे विणकरांची संघटना, द्विराष्ट्रवादाच्या विरोधात उभी होती, लीगच्या उमेदवारांविरुद्ध लढली. अन्सारी पुढे बिहारमध्ये मंत्री झाले. मालेगाव आणि भिवंडीच्या मोमीन घराण्यांतले पुष्कळ जण मूळचे उत्तरेकडून आलेले. त्यांची नातवंडे हे नाव पहिल्यांदा माझ्या वर्गात ऐकतात, याचे मला वाईट वाटते.

मग येतो मे १९४९. संविधान सभेत २५ आणि २६ मे रोजी धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा काढून टाकण्यावर चर्चा झाली. ठराव सरदार पटेलांच्या सल्लागार समितीचा होता. आमच्या मुलांचा समज असा, की हे सारे आपल्याला न विचारता झाले. म्हणून मी वर्गातच सभा भरवतो. एक मुलगी बेगम एजाझ रसूल होते. सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य. राखीव जागांनी अल्पसंख्याक कायमचे वेगळे पडतील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला. एक मुलगा मद्रासचे मोहम्मद इस्माईल होतो, त्यांना स्वतंत्र मतदारसंघच हवे होते. तिसरा झेड. एच. लारी. त्यांचा मार्ग वेगळा : राखीव जागा नकोत, पण बहुसदस्यीय मतदारसंघ करा आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येतील अशी पद्धत आणा. मौलाना हसरत मोहानीही होते, त्यांनाही राखीव जागा नको होत्या. चार मुसलमान, मते तीन-चार प्रकारची. मुले तावातावाने भांडतात, कुणी चुकून लारींची बाजू मांडता मांडता बेगमसाहिबांच्या बाजूला जातो. दरवर्षी मतदान घेतो, दरवर्षी निकाल वेगळा लागतो.

या चर्चेतही शब्द एकच चालला, मुस्लिम. विणकर, पिंजारी, मेहतर यांचे काय, हा प्रश्न निराळ्या वाटेने आला आणि त्याचे उत्तर वाईट निघाले. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदू धर्मापुरत्या ठेवल्या, अपवाद काही शीख जातींचा. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिश्चन अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढावी असे सुचवले. ती निघालेली नाही. म्हणजे मैला उचलणारा मुसलमान मैला उचलत राहिला, फक्त कागदावर त्याची जात गेली.

मंडल आयोगाने मात्र १९८० च्या अहवालात मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्याही धरल्या. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण कायम झाल्यावर महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने जोर धरला. जालन्याचे शब्बीर अन्सारी तिचे नेते, आणि तिच्या मंचावर दिलीपकुमार येत. दिलीपकुमारांचे वडील पेशावर आणि देवळालीत फळांचे व्यापारी होते, हे सांगितले की हजेरीपटातल्या बागवानांची मान ताठ होते. शास्त्र नव्हे हे, पण त्या दिवशी तास छान होतो.

आता दाखल्याकडे. महाराष्ट्रात ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा किंवा त्या तारखेपूर्वीचे वास्तव्य लागते. बारावीनंतर मूल अभियांत्रिकीला, नर्सिंगला किंवा डी.एड.ला जाते तेव्हा घरात ट्रंका उघडतात. आजोबांचा शाळेचा उतारा निघतो आणि त्यावर असते ‘मुसलमान’. मग गाव नमुना नंबर १४ ची नक्कल शोधायची, मोडी वाचणारा माणूस शोधायचा. कधी चुलत आजोबांच्या जन्माच्या नोंदीत कोतवालाने ‘पिंजारी’ लिहिलेले सापडते आणि काम होते. कधी सापडत नाही. ज्या शब्दाने आजोबांची मान ताठ झाली त्यानेच नातीची जागा अडते. म्हणून मी अकरावीलाच प्रकल्प देतो : घरातला सर्वांत जुना कागद शोधा आणि त्यावर आपल्याला काय म्हटले आहे ते उतरवून आणा. बारावीच्या निकालानंतर शोधायला वेळ नसतो.

काही बुजुर्ग माझ्यावर नाराज आहेत. एकाने मला मशिदीबाहेर थांबवून म्हटले, ‘‘मास्टर साहब, कौम को तोड़ रहे हो.’’ त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दंगलीत बागवान आणि सय्यद यांत कुणी फरक करत नाही, भाड्याने घर शोधतानाही नाही. अशा वेळी एकच नाव असणे हा आसरा असतो. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००४-०५ च्या सरकारी पाहणीचा आकडा आहे : देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के लोकांनी स्वतःला ओबीसी सांगितले. ही माणसे माझ्या फळ्यावरच्या खडूने तयार झालेली नाहीत. मुस्लिम समाजाच्या नावाने कोण बोलतो, कुणाची मुले शिकतात, जमातीच्या कमिटीत कुणाची नावे असतात, हे विचारायला राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने घाबरायचे, तर त्याने तो विषय घ्यायचा कशाला?

आणि आता जनगणना येते आहे. केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जातवार मोजणीचा निर्णय जाहीर केला, १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. १९३१ नंतर प्रथमच जनगणनेत प्रत्येकाची जात मोजली जाईल. यंदाच्या वर्गात मी त्यावर चर्चा ठेवली. मोमीन आडनावाचा मुलगा म्हणाला, मोमीनच सांगायचे. एक पठाण मुलगी म्हणाली, मुस्लिम सांगितले तर काय बिघडते? तिसऱ्याने विचारले, ‘‘सर, दादा को पूछेंगे तो वो मुसलमान ही बोलेंगे. फिर घर में दो जवाब हुए तो?’’ मी म्हटले, मोजणीला येणारी व्यक्ती घरातल्या एका माणसाला विचारते. त्या दिवशी दारात कोण असेल, ते घरी आधी ठरवा. घंटा झाली तरी वाद चालू होता, पुढच्या तासाच्या गणिताच्या मॅडम दारात उभ्या होत्या.