मोजपट्टी आणि महाभारत : इरावती कर्वे यांचे आरंभीचे लेखन

मराठी वाचकाला इरावती कर्वे प्रथम भेटतात त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून, फार तर ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘गंगाजल’ या ललित निबंधसंग्रहांच्या लेखिका म्हणून. मानवशास्त्र हा त्यांचा व्यवसाय होता, एवढे एका वाक्यात सांगून आपण पुढे जातो. पण ‘युगान्त’मधील तर्काची ठेवण जिथे घडली, ते त्यांचे आरंभीचे शास्त्रीय लेखन आपल्या वर्गांत क्वचितच पोचते.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच पुण्यात हुजूरपागेत पाठवले गेले आणि पुढे त्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या कुटुंबात वाढल्या. परांजपे उघडपणे बुद्धिप्रामाण्यवादी आणि निरीश्वरवादी होते. परंपरेविषयी आस्था असावी, पण तिच्यापुढे प्रश्न विचारताना संकोच नसावा, ही पुढे इरावतीबाईंच्या लेखनात दिसणारी वृत्ती या घराच्या वातावरणाशी सुसंगत आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी तत्त्वज्ञान विषय घेऊन १९२६ मध्ये पदवी मिळवली.

त्यानंतरचा मोठा प्रभाव गो. स. घुर्ये यांचा. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे शिकलेले आणि मुळात संस्कृतचे अभ्यासक. समाजाचा अभ्यास करताना धर्मशास्त्र, पुराणे आणि महाकाव्ये पुराव्यासारखी वाचायची, ही रीत इरावतीबाईंनी त्यांच्याकडून उचलली. मुंबई विद्यापीठाच्या एम. ए.साठी १९२८ मध्ये त्यांनी सादर केलेला प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर होता. स्वतःच्याच जातीकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा हा त्यांचा पहिला मोठा प्रयत्न.

त्याच वर्षी त्या जर्मनीला गेल्या. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे विषय एकाच छपराखाली होते. संचालक ऑयगेन फिशर यांचे नाव नैऋत्य आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतल्या मिश्रवंशीय लोकांच्या अभ्यासामुळे झालेले होते. १९३३ नंतर ही संस्था नाझी राजवटीच्या वंशधोरणाची वैज्ञानिक पाठीराखी बनली. युरोपीय माणसाच्या कवटीत विशिष्ट असमानता असते आणि तिचा संबंध मेंदूच्या पुढील भागाच्या वाढीशी, म्हणजे पर्यायाने बुद्धीशी आहे, असे गृहीतक फिशर यांनी इरावतीबाईंपुढे ठेवले. त्यांनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. कवटीतील असमानता आणि वंश यांच्यात संबंध दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. पंचविशीच्या आतबाहेरच्या, परकी भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाचे गृहीतक त्याच्याच संस्थेत, त्याच्याच मोजपट्टीने नाकारले. या प्रबंधावर त्यांना १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली.

या घटनेला शौर्यकथेचे रूप देण्याचा मोह आवरायला हवा. बर्लिनमधील अशा संग्रहांत आफ्रिकेतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या, आणि माणसाचे असे मोजमाप करण्याच्या पद्धतीलाच इरावतीबाईंनी आव्हान दिले असे म्हणता येत नाही. भारतात परतल्यावरही त्यांनी ती पद्धत सोडली नाही. घेतले ते साधन आणि नाकारला तो निष्कर्ष, अशी ही विभागणी आहे. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा धागा मला इथे दिसतो.

परतल्यानंतरच्या लेखनात संस्कृत ग्रंथ आणि क्षेत्रकार्य एकत्र येऊ लागतात. १९३२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात त्यांनी परशुरामकथेवर लेख लिहिला. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या काम करू लागल्या आणि महाराष्ट्रातील नातेवाचक शब्द व नात्याचे व्यवहार यांवर त्यांनी विस्तृत लेखन केले. नात्याच्या शब्दात विवाहाची रीत दडलेली असते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावण्याची गरज नाही. सून सासऱ्याला ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, तेव्हा आते-मामे भावंडांच्या विवाहाची जुनी चालच बोलत असते. या कामाची परिणती १९५३ मधील भारतीय नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात झाली. त्यात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण या दोन रीतींच्या सांध्यावर उभा दिसतो.

याच काळात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती. इरावतीबाईंनी त्या संहितेतील नातेवाचक शब्दांचा अभ्यास चाळीसच्या दशकातच केला. ‘युगान्त’ १९६७ चे. त्यात विदुर हा धर्मराजाचा पिता असावा, असा तर्क त्या मांडतात, तेव्हा नियोगात दिराचे स्थान काय, हा नातेसंबंधाच्या अभ्यासकाचा प्रश्न त्यामागे असतो. वाचकाला ते कल्पनेचे धाडस वाटते; प्रत्यक्षात ती जुन्या नोंदवहीतून आलेली शंका आहे. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्या देव्हाऱ्यातून काढून घरात आणतात, त्याचे बळही इथलेच.

गुरूशी मतभेदाची रीत पुढेही टिकली. मोठ्या जाती फुटून पोटजाती झाल्या, या घुर्ये यांच्या मताविरुद्ध इरावतीबाईंनी मांडले की आपसात लग्ने करणारे छोटे गट मुळात वेगळे होते आणि मोठे नाव त्यांना नंतर लाभले. १९६८ मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली, तीही याच प्रश्नासाठी. मात्र जात हा रक्ताने ओळखता येणारा गट आहे, हे गृहीत त्यात शिल्लक राहते. जातीतील सत्ता आणि शोषण मोजपट्टीवर उमटत नाही; ही त्या पद्धतीची मर्यादा त्यांच्या लेखनालाही चुकलेली नाही.

म्हणून ‘युगान्त’ शिकवताना केवळ शैलीच्या प्रासादिकतेवर थांबणे अपुरे आहे. त्या गद्याचा संयम, विशेषणांविषयीची काटकसर, पुरावा संपला की थांबण्याची सवय या गोष्टी एका शास्त्रात कमावलेल्या आहेत. त्या शास्त्राचे डागही विद्यार्थ्यांना दाखवले पाहिजेत. इरावतीबाईंनी आपल्या गुरूंना जसे वाचले, तसेच आपण त्यांना वाचणे हे त्यांच्या लेखनाशी अधिक प्रामाणिक ठरेल.