शाहिराचें सोंग

पंढरपूरच्या उत्तरेस करकंब हें बाजाराचें मोठें गांव आहे. सोलापूर जिल्ह्याबाहेर त्याचें नांव निघतें तें बहुधा तेथील झणझणीत बाजार आमटीमुळें. परंतु अशा बाजाराच्या गांवांचें मराठी काव्यावर एक ऋण आहे, आणि तें सहसा कोणी मोजीत नाहीं. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, पुण्याचा राजाश्रय आटला, आणि ज्या कलेला आतां वाडा उरला नव्हता तिला जत्रेनें व बाजारानें जगविलें. डफावर थाप पडे, तुणतुण्याचा सूर लागे, आणि एरवीं शिंपीकाम करणारा किंवा गुरें राखणारा माणूस बघतां बघतां शाहीर होई. हें शाहीर होणें म्हणजे नुसतीं कवनें रचणें नव्हे. तें एक सोंग होतें, आणि सोंग म्हटलें कीं त्याचे नियम आलेच.

हे नियम सर्वांत कडक दिसतात ते कलगीतुऱ्यांत. तुरेवाल्यांचा पक्ष शिवाचा, कलगीवाल्यांचा शक्तीचा. ब्रह्म श्रेष्ठ कीं माया श्रेष्ठ, पुरुष आधीं कीं प्रकृति आधीं, हा वाद वेदान्ती पंडितांचा. पण येथें तो डफाच्या तालावर, उघड्या माळावर आणि रात्रभर चाले. एका फडानें कूट प्रश्न घातलेली भेदिक लावणी म्हणावी, दुसऱ्यानें त्याच चालींत उत्तर बांधून प्रतिप्रश्न टाकावा, आणि उत्तर न सुचल्यास सर्वांदेखत हार पत्करावी. ज्या शाहिरानें कलगी बांधली त्यानें मायेचीच बाजू लढविली पाहिजे. घरीं तो महादेवाला बेल वाहत असला तरी बिघडत नसे. घेतलेली बाजू निभावण्यासाठीं पुराणांतल्या कथा जिभेवर असाव्या लागत. अक्षरशत्रु श्रोत्यालाहि त्या ठाऊक असल्यामुळें थाप मारण्याची सोय नव्हती.

योगायोगाची गोष्ट अशी, कीं विसाव्या शतकांत अमेरिकेंत निघालेल्या एका खेळानें हीच भूमिका नव्यानें मांडली. १९७४ सालीं 'डन्जन्स ॲण्ड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला. मेजाभोंवतीं चार-सहा मंडळी बसतात. एकजण कथा सांगतो, बाकीचे त्या कथेंतील योद्धा, मांत्रिक, चोर अशीं पात्रें घेतात, आणि संकटाच्या वेळीं फांसे टाकून निकाल लावतात. १९७६ मध्यें त्यांत 'बार्ड', म्हणजे चारण किंवा शाहीर, हें पात्र आलें. उत्तरेकडील नॉर्स लोकांचा स्काल्ड, केल्टिक लोकांचा बार्ड आणि दक्षिण युरोपांतील गायक यांच्या मिश्रणानें तें घडविलें होतें. गाण्यानें सोबत्यांस धीर द्यावा, शत्रूस मोहून टाकावें, जुन्या कथा स्मरणांत ठेवाव्या, हें त्याचें काम. युरोपांतहि या पात्राला स्पर्धेची संवय जुनी आहे. वेल्समध्यें ११७६ सालीं कार्डिगनच्या किल्ल्यांत लॉर्ड रीस यानें कवींची व वादकांची स्पर्धा भरवून विजेत्यांस मानाचें आसन दिल्याची नोंद आहे. मेजावरच्या खेळांत मात्र गाण्याचा परिणाम झाला कीं नाहीं हें फांसा ठरवितो. माळावर तें काम समोरची माणसें करीत, आणि तीं फांशाहून निष्ठुर असत.

शिवाय मेजावरून उठतांच खेळणारा आपल्या घरीं जातो. सोलापूरच्या राम जोशांना घर उरलें नव्हतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला हा ब्राह्मणाचा मुलगा. थोरले बंधु मुद्गल जोशी विद्वान् आणि प्रतिष्ठित. धाकट्याचा पाय मात्र तमाशाच्या फडाकडे वळे. बंधूंनीं त्यांस घराबाहेर काढलें. तेव्हां ते पंढरपुरास गेले, तेथें त्यांनीं संस्कृताचें अध्ययन केलें, आणि विद्या हातीं आल्यावर पुन्हा डफच जवळ केला! त्यांनीं संस्कृतांत लावणी रचली. एकाच लावणींत अनेक भाषा गुंफण्याचा पराक्रमहि केला. पंडिताचें आणि तमासगिराचें अशीं दोन्हीं सोंगें एकाच अंगावर त्यांनीं वागविलीं, हेंच त्यांचें वैशिष्ट्य. पुढें बारामतीस मोरोपंतांची भेट झाली, पंतांनीं त्यांच्या वाणीचें कौतुक केलें आणि त्यांस कीर्तनाकडे वळविलें, असें परंपरा सांगते. एवढें खरें, कीं मोरोपंतांची आर्या घरोघर पोंचली ती पुष्कळ अंशीं राम जोशांच्या कीर्तनांमुळें.

लावणीच्या शाहिराला दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरावें लागे. लढाईवर गेलेल्या शिपायाची विरहिणी बोलते आहे असें कवन पुरुष रची, आणि पेशवाईच्या काळांत पुष्कळदां लुगडें नेसलेला नाच्या पोऱ्या तें सादर करी. होनाजी जातीनें गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. पण फडावर उभे राहिल्यावर यांतला कोणीहि राधा होई, कोणीहि भट होई. लिहिणारा एक, गाणारा दुसरा आणि बोलणारी तिसरीच, अशी ही तिहेरी बतावणी श्रोत्यांना मुळींच अवघड वाटत नसे.

१९४७ सालीं व्ही. शांताराम यांच्या राजकमल संस्थेनें 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला. गीतें ग. दि. माडगूळकरांचीं, संगीत वसंत देसायांचें. जयराम शिलेदार हे राम जोशी झाले आणि हंसा वाडकर या बया झाल्या. नटानें शाहिराचें सोंग घ्यावें आणि तें सोंग लोकांनीं मूळ शाहिराच्या जागीं बसवावें, असें येथें घडलें. चित्रपट पाहिलेल्या पिढीला राम जोशी म्हटलें कीं शिलेदारांचाच चेहरा आठवे.

या कौतुकांत एक पंक्तिभेद आहे, तो झांकून चालणार नाहीं. राम जोशी किंवा पट्ठे बापूराव (मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी) यांनीं तमाशाची वाट धरली, तेव्हां कुळाची प्रतिष्ठा सोडल्याबद्दल त्यांची कथा झाली. बापूरावांनीं पवळा या महार कलावतीसह फड गाजविला. १९४५ मध्यें त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यांत. पण महार, मांग, कोल्हाटी समाजांतील ज्या स्त्रीपुरुषांच्या अंगावर हें सोंग जन्मतःच चढविलें होतें, त्यांनीं कांहीं सोडलें असें कोणी म्हटलें नाहीं, कारण त्यांच्यापाशीं सोडण्यासारखें कांहीं आहे असें समाजानें मानलेंच नव्हतें. पवळेचें नांव तरी उरलें; इतर शेंकडों जणींचें तेंहि नाहीं.

त्याच सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस १९१६ मध्यें जन्मलेल्या मेहबूब पटेलांनीं पुढें अमर शेख हें नांव घेतलें. अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्या सोबतीनें त्यांनीं गिरणीकामगारांपुढें, आणि नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत, डफ वाजविला. तेथें सवाल शिव-शक्तीचा नव्हता, मुंबई कोणाची हा होता. जबाब मात्र जुन्याच रीतीनें समोरच्या गर्दीकडून मागितला जाई. रत्नागिरीकडे जाखडीच्या नाचांत शक्तिवाले आणि तुरेवाले अजूनहि एकमेकांस कोडीं घालतात.