सिकलसेल आजारातील मेंदूचे प्रतिमाचित्रण

सिकलसेल आजारातील मेंदूचे प्रतिमाचित्रण म्हणजे या आजाराच्या रुग्णांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, मेंदूची व त्यातील रक्तवाहिन्यांची डॉप्लर आणि एमआरआय यांद्वारे केली जाणारी तपासणी होय. पक्षाघाताचा धोका तो येण्यापूर्वीच ओळखणे हा तिचा मुख्य हेतू आहे.

पार्श्वभूमी

सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक विकार आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. मध्य भारतातील आढळाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांसह अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातही हा आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींमुळे मेंदूच्या मोठ्या धमन्या हळूहळू अरुंद होतात व रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात होऊ शकतो.

तपासणीच्या पद्धती

ट्रान्सक्रेनियल डॉप्लरमध्ये कानशिलाजवळच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडून धमनीतील रक्ताचा वेग मोजतात. धमनी अरुंद झाली की वेग वाढतो. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असल्यास धोका मोठा मानला जातो.

एमआरआयमध्ये लक्षणे न दिसताही झालेल्या लहान इजा आढळतात. त्यांना 'सायलेंट इन्फार्क्ट' म्हणतात. त्यांचा परिणाम मुलाच्या आकलनावर व शालेय प्रगतीवर होऊ शकतो.

संशोधन

अमेरिकेतील 'स्टॉप' चाचणीत (१९९८) डॉप्लरने धोका आढळलेल्या १३० मुलांचा अभ्यास झाला. नियमित रक्तसंक्रमण मिळालेल्या ६३ मुलांपैकी एकाला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या ६७ मुलांपैकी ११ जणांना पक्षाघात झाला. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत सायलेंट इन्फार्क्ट असलेल्या मुलांनाही रक्तसंक्रमणाचा लाभ दिसला.

वऱ्हाडातील महत्त्व

डॉप्लर यंत्र सहज हलवता येते, त्यात किरणोत्सर्ग नसतो आणि मुलाला भूल द्यावी लागत नाही. त्यामुळे मेळघाटातील गावे किंवा सातपुड्याच्या पायथ्याचे शेंदूरजनाघाट यांसारख्या, मोठ्या शहरांपासून दूरच्या ठिकाणी ही तपासणी एमआरआयपेक्षा अधिक सुलभ ठरू शकते. मात्र तिच्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो. नियमित रक्तसंक्रमण शक्य नसलेल्या ठिकाणी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा पर्याय सुचवला जातो.