पटावरचें एपायरस

आमच्या घरांत सध्यां एका राजाचें राज्य चालूं आहे. राजाचें वय पंधरा वर्षांचें, आणि त्याचा कारभार पाहणारा आमचा पुतण्याहि पंधरा वर्षांचाच. राज्य एपायरसचें, म्हणजे ग्रीसच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखाचें, राजा पिऱ्हस, काळ इ. स. पूर्वीं ३०४. स्वीडनमधील पॅरॅडॉक्स या कंपनीनें २०१९ च्या एप्रिलांत प्रसिद्ध केलेल्या ‘इम्पेरेटर : रोम’ या संगणकावरील खेळांत रोम, कार्थेज, सेल्यूकस किंवा मौर्य यांची बलाढ्य राज्येंहि हातीं घेतां येतात, पण आमच्या चिरंजीवांनीं समवयस्क राजा पसंत केला. हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, असें घरांतील वडील मंडळींचें मत पडलें. निकाल देण्यापूर्वीं आम्ही चार रात्री शेजारीं बसून खेळ पाहिला, आणि चिरंजीव निजल्यावर थोडासा खेळलोंहि, हें कबूल केलेलें बरें.

या पटाचा विस्तार ब्रिटनपासून मगधापर्यंत आहे. कालगणना रोमच्या स्थापनेपासून धरली आहे : आरंभ ४५० सालीं, शेवट ७२७ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं ऑक्टेव्हियनास ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली त्या इ. स. पूर्वीं २७ मध्यें. पाठ्यपुस्तकांत रोमचा उत्कर्ष सूर्योदयासारखा ठरलेला वाटतो. येथें तें नुकतेंच सॅम्नाइट लोकांशीं दीर्घ युद्ध संपवून बसलेलें मध्य इटलींतील एक लोकराज्य आहे, आणि उद्यां काय होणार हें कोणासच ठाऊक नाहीं. त्या काळच्या माणसांसहि तें ठाऊक नव्हतें, ही साधी गोष्ट आम्ही इतिहास वाचतांना किती सहज विसरतों !

प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हां मात्र या खेळांत मोठें वैगुण्य होतें. वक्तृत्व, युद्धकौशल्य, कारभार आणि धर्म अशा चार शक्ति नाण्यांसारख्या सांठत, आणि तीं नाणीं मोजलीं कीं परक्या प्रजेचा धर्म व चालीरीति क्षणांत पालटत. इतिहासांतील कार्यकारणभावच त्यामुळें नाहींसा होई. खेळणारांनीं गिल्ला केला, व त्याच वर्षीं कर्त्यांनीं ही पद्धति काढून टाकली. लोक हळूहळू बदलूं लागले. २०२१ च्या फेब्रुवारींतील सुधारणेनें सैन्यभरतीचा संबंध लोकवस्तीशीं जोडला, आणि खेळ खरोखर चांगला झाला. मौज अशी कीं, त्यानंतर दोनच महिन्यांनीं कंपनीनें त्यावरील काम थांबविलें. पुढें हौशी खेळाडूंनींच ‘इन्व्हिक्टस’ या नांवानें त्यांत भर घातली.

आम्हांस सर्वांत आवडला तो सेनापतींचा भाग. प्रत्येक सेनापतीची निष्ठा वेगळी मोजलेली असते, आणि तो फार दिवस अधिकारावर राहिला कीं फौज राज्याची न राहतां त्याची होऊं लागते. विजयी सेनापतीस परत बोलवावें तर तो दुखावतो. न बोलवावें तर तो अधिक बळावतो. आम्हीं अशाच एका वीरास लांच देऊन वश केलें, व पुढें पस्तावलों. इ. स. पूर्वीं ८८ मध्यें सल्ला आणि ४९ मध्यें सीझर आपल्याच राजधानीवर कां चालून जाऊं शकले, हें आम्हांस पुस्तकांपेक्षां त्या रात्रीं अधिक कळलें.

परंतु एक गोष्ट या पटावर कोणासहि करावीशी वाटत नाहीं : मुलूख सोडणें. नकाशावरील आपला रंग पसरत जावा, हाच खेळणाराचा ध्यास. उलट इ. स. पूर्वीं ३०३ च्या सुमारास सेल्यूकसानें सिंधूच्या पश्चिमेकडील मोठा प्रदेश चंद्रगुप्त मौर्यास देऊन ५०० हत्ती घेतले. ३०१ मध्यें इप्ससच्या रणांत हत्तींनीं डेमेट्रियसच्या घोडदळाची परतीची वाट अडविली, त्याचा वृद्ध बाप अँटिगोनस मारला गेला, आणि सेल्यूकसाचें राज्य सीरियापर्यंत पोंचलें. गादीवरून हुसकला गेलेला तरुण पिऱ्हस त्या दिवशीं डेमेट्रियसच्या बाजूनें लढत होता. आमच्या घरचा पिऱ्हस मात्र अजून एक गांवहि द्यावयास तयार नाहीं.

दुसरी गोष्ट याहून आमच्या जिवास लागली. शहर जिंकलें कीं तेथील कांहीं लोक गुलाम होऊन जेत्याच्या राज्यांत येतात. पडद्यावर एक आंकडा वाढतो, माल अधिक निघतो, तिजोरी भरते. चिरंजीवांची राजधानी अशीच भरभराटली होती, व त्याचा त्यांस अभिमान होता. आम्हीं कपाटांतून रोमचा इतिहास काढला आणि त्यांतील एक प्रसंग त्यास सांगितला. इ. स. पूर्वीं १६७ मध्यें मॅसिडोनियाचें युद्ध संपल्यावर सिनेटच्या आज्ञेनें एमिलियस पॉलस यानें एपायरसमधील सुमारें ७० गांवें एकाच दिवशीं लुटलीं. १,५०,००० माणसें गुलाम म्हणून विकण्यांत आलीं. तीं बहुतेक मोलोशियन, म्हणजे पिऱ्हसाच्याच जमातीचीं. प्लूटार्क लिहितो कीं, एवढ्या लुटींतून शिपायाच्या वांट्यास अकरा द्राख्मांहून अधिक आलें नाहीं.

पुतण्यानें निमूटपणें ऐकून घेतलें. मग खेळ थांबवून तो आपल्या राजधानींत गुलाम किती आहेत, व ते कोणकोणत्या गांवांहून आणलेले आहेत, हें शोधूं लागला.