देवाची राखण

श्रोतेहो, आपण बीडकडची माणसं. पाण्यात उभं जंगल पाहिलं की नवल वाटतंच. कोकणात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, कुंब्रल गावी महादेवाची देवराई आहे. तिथं रानजायफळाची दुर्मीळ झाडं दलदलीत वाढतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून वर येतात. त्याच तालुक्यातलं बांबर्डे इथलं असंच रान सरकारनं २०२१ साली जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं. कुंब्रलची नोंद शास्त्रज्ञांनी २०२५ साली प्रसिद्ध केली. तोवर राखण देवाचीच. देवाच्या रानात कुऱ्हाड घालायची नाही, एवढाच काय तो कायदा. आमच्या गावी म्हसोबापाशी जुनी चिंच होती. सभामंडपाला जागा हवी म्हणून ती आम्हीच पाडली.