उलट वाहणारे रक्त आणि कर्करोगाची एक आडवाट

१/ इ.स. १८७०. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कार्ल योसेफ एबर्ट यांनी एका विलक्षण रुग्णाची नोंद केली. कर्करोगाचे मूळ होते गुदाशयात; गाठी मात्र शिश्नातही आढळल्या. अन्य अवयवातून शिश्नात पसरलेल्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. विषमज्वराचा जंतू १८८० मध्ये प्रथम पाहणारे एबर्ट ते हेच.

२/ या नोंदीत एक कोडे दडले होते. शिश्न हा रक्ताने समृद्ध अवयव. कर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर वाहत असतील, तर त्या येथे वारंवार रुजायला हव्यात. तरीही जगभरातील नोंदी काहीशेच भरतात. त्यांतही बहुतेकांचे मूळ शेजारी असते: मूत्राशय, प्रोस्टेट ग्रंथी किंवा गुदाशय.

३/ १८८९ मध्ये लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी २४१ जणींना, प्लीहेत केवळ १७ जणींना! पॅजेट यांचा निष्कर्ष असा, की बीज सर्वत्र उडते. रुजते मात्र अनुकूल मातीतच.

४/ मातीच्या या सिद्धान्ताने दुर्मिळतेचा अर्थ लागू शकतो. शेजाऱ्यांच्या वर्चस्वाचा लागत नाही. शिश्नातील अशुद्ध रक्त ओटीपोटाकडे जाते. मग ओटीपोटातील पेशी प्रवाहाविरुद्ध खाली कशी उतरते?

५/ उत्तराचा धागा १९४० मध्ये फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅटसन यांनी दिला. त्यांचा मूळ प्रश्न निराळा होता: प्रोस्टेटचा कर्करोग थेट मणक्यांत कसा पोहोचतो? त्यांनी मृतदेहांतील शिश्नाच्या पृष्ठनीलेत क्ष-किरणांत दिसणारा द्रव सोडला. तो ओटीपोटातील नीलांतून पाठीच्या कण्याभोवतीच्या नीलाजालात शिरला. या जालात झडपा जवळपास नाहीत. खोकताना वा कुंथताना पोटातील दाब वाढतो आणि रक्ताची दिशा पालटू शकते.

६/ ओटीपोटातील नीलांमध्ये असाच उलटा प्रवाह होऊन पेशी शिश्नातही उतरत असाव्यात, हे आज प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते. रोहिण्या, लसीकावाहिन्या आणि शेजारून थेट होणारा शिरकाव हे उरलेले मार्ग.

७/ पेशींनी रक्तपोकळ्या भरल्या, की टणक गाठी येतात किंवा वेदनादायी ताठरता ओसरतच नाही. पुष्कळदा तोवर रोग शरीरभर पसरलेला असतो. म्हणूनच कर्करोगाचे उपचार घेतलेल्या रुग्णाने हे लक्षण संकोचापोटी लपवू नये. एबर्ट यांनी जे निःसंकोचपणे कागदावर उतरवले, ते दीडशे वर्षांनंतरही डॉक्टरांसमोर उच्चारणे अनेकांना जड जाते.